तीन बीजांचा फैसला

मंगरूळपीरच्या बाजारात एक छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. तिथं रक्त द्यायला गेलं की गाठ पडते ती रूपा तायडेशी. दंड बांधते, दोन बोटांनी शीर चाचपते, आणि माणसानं डोळे मिटून उघडेपर्यंत सुई बाहेर काढून कापूस दाबते. तिच्या हलक्या हाताची ख्याती आसपासच्या खेड्यांत पोचलेली आहे. लॅबचे मालक इंद्रभानजी मात्र हातापेक्षा तिच्या सहीला जास्त मानतात. स्वतः पाहिल्याशिवाय रूपा कुठल्याच रिपोर्टवर सही करत नाही.

हे त्यांना एका गुलाबसिंगमुळे कळलं. पोहरादेवीकडचा हा माणूस आठ दिवस तापानं फणफणत होता. बाहेर रांग लागलेली. रक्ताच्या पहिल्या काचेवर काही दिसलं नाही, दुसरीवरही नाही. इंद्रभानजी म्हणाले, निगेटिव्ह लिहून दे, लोक खोळंबले आहेत. रूपानं मान हलवली आणि तिसरी काच रंगवायला घेतली. अर्धा तास मायक्रोस्कोपला डोळा लावून बसली, आणि मलेरियाचे जंतू सापडले. त्या दिवसापासून इंद्रभानजींनी तिला घाई करणं सोडलं.

रूपा कामरगावची. आईवडील दुसऱ्याच्या वावरात राबले, पण लेकीला अमरावतीला ठेवून लॅबचा कोर्स करू दिला. सव्विसाव्या वर्षी तिचं लग्न संघपाल तायडेशी झालं. संघपाल एसटीत कंडक्टर. बोलायला गोड, भांडणाला भिणारा. घरात सासू वच्छलाबाई. नवरा लवकर गेल्यावर तिनं एकटीनं संघपालला वाढवलं होतं. घर सुखाचं होतं. फक्त मूल होत नव्हतं.

पहिली चार-पाच वर्षं दोघांनी फार मनावर घेतलं नाही. मग तपासण्या झाल्या. संघपालनं एका शब्दानंही कुरकुर न करता आपल्या वीर्याचा नमुना तपासायला दिला. रूपाला त्याचं फार अप्रूप वाटलं, कारण लॅबमध्ये बायकोच्या फाइली घेऊन येणारे आणि स्वतःच्या तपासणीचं नाव काढलं की चप्पल घालणारे नवरे तिनं कितीतरी पाहिले होते. त्याचा रिपोर्ट उत्तम आला. दोष निघाला तो रूपाच्या साठ्यात. वय पस्तिशीकडे झुकलं होतं, आणि बीजांडकोशात बीजं वयाच्या मानानं फारच कमी उरली होती.

एका मोठ्या शहरात त्यांनी पहिला उपचार घेतला. चार बीजं निघाली. पुढं काय झालं ते रूपाला घरी आल्यावर फाइल वाचताना कळलं. चारांपैकी दोनच बीजं पिकलेली होती. त्या दोन्हींत बारीक सुईनं एकेक शुक्राणू टोचला होता. एकच फळलं, आणि तेही दुसऱ्या दिवशी वाढायचं थांबलं. सुई वापरणार हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि का वापरली हेही नाही. आधी घेतलेल्या सह्यांच्या गठ्ठ्यात तो कागद असणारच, पण त्या दिवशी तिनंही न वाचता सही केली होती. दुसऱ्यांच्या कागदांवर तीनतीनदा नजर फिरवणारी बाई स्वतःच्या कागदावर आंधळेपणानं सही करून आली, याचा राग तिला दवाखान्यापेक्षा स्वतःचाच जास्त आला.

दोन दिवस ती रडली. तिसऱ्या दिवशी कामावर गेली. वर्षभरानं संघपालला म्हणाली, आणखी एकदा करू, पण या खेपेला अकोल्याला, आणि मला विचारल्याशिवाय कुणी काही करणार नाही.

अकोल्याच्या डॉक्टरबाई मध्यम वयाच्या, चष्म्यातून रोखून पाहणाऱ्या. प्रश्न विचारलेले त्यांना आवडतात हे रूपाला पहिल्याच भेटीत कळलं. इंजेक्शनं सुरू झाली. ती रूपा स्वतःच स्वतःच्या पोटात टोचून घ्यायची. फ्रिजच्या दारातला वरचा कप्पा वच्छलाबाईनं रिकामा करून दिला आणि तिथं लिंबूसुद्धा ठेवायची बंदी केली. नवव्या दिवशीच्या सोनोग्राफीत बीजाच्या चारच पिशव्या दिसल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, तीन-चार बीजं मिळतील, त्याहून जास्तीची आशा धरू नका.

तेव्हा रूपानं तिचा प्रश्न काढला. बीजं फळवायची कशी? सुईनं, की डिशमध्ये शुक्राणूंसोबत नुसती ठेवून?

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. सांगायला लागल्या, तेव्हा त्यांनी काही झाकलं नाही. सुईची पद्धत निघाली ती पुरुषाचे शुक्राणू फार कमी किंवा दुबळे असतात तेव्हासाठी, आणि तिथं तिला तोड नाही. पण आता बीजं थोडी असली की पुष्कळ ठिकाणी सरसकट सुईच वापरतात. कारण भीती. डिशमध्ये ठेवलं आणि सकाळी एकही फळलेलं नसलं तर पेशंटला काय तोंड दाखवायचं? आणि ही भीती खोटी नाही. असं क्वचित होतं, बीजं थोडी असली की त्याची शक्यता थोडी वाढते, आणि दुसऱ्या दिवशी सुई वापरून ते सहसा सावरता येत नाही. सुईचेही स्वतःचे तोटे आहेत. बीजाभोवतीचं आवरण काढावं लागतं, पिकलेलंच बीज टोचता येतं, आणि शंभरात थोडी टोचताना खराब होतात.

"मग मूल होण्याच्या हिशेबानं कोणती चांगली?" रूपानं विचारलं.

"नवऱ्याचा रिपोर्ट चांगला असेल, तर बीजं थोडी असली तरी सुईनं मूल होण्याची शक्यता वाढते, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. तुमच्या बाबतीत मी दोन्हीला तयार आहे. पण फळलं नाही तर डॉक्टरांनी सांगितलं म्हणून केलं, असं म्हणायचं नाही. विचार करून या."

परतीची एसटी बार्शीटाकळीला थांबली. पोराला कडेवर घेतलेली एक बाई पुढच्या सीटवर बसली, तेव्हा संघपाल बोलला.

"सुईच सांग त्यायले. तीनचार तर बीजं हायेत. नशिबावर कायले सोडाचं?"

"नशिबावर कोन सोडून राह्यलं?" रूपा म्हणाली. "म्या तुमच्या रिपोर्टावर सोडून राह्यली."

संघपाल त्यावर हसला नाही. तो म्हणाला, मागच्या खेपेलाही माझा रिपोर्ट चांगलाच होता, काय कामी आला? रूपानं सांगितलं की मागच्या खेपेला त्याच्या शुक्राणूंना काही करूच दिलं नव्हतं. सुईनं उचलून आत टाकलं, संपलं. सुईमुळे बिघडलं असं मात्र ती म्हणत नव्हती. बीजंच कमजोर असतील. पण सुईनं काही वाचवलंही नव्हतं. मग पुन्हा तीच कशासाठी, याचं उत्तर तिला हवं होतं, आणि 'भीती वाटते' हे उत्तर तिला पुरत नव्हतं.

"अन् एकबी नाई फळलं तं?" संघपालनं विचारलं.

महान गाव मागं पडत होतं. रूपा म्हणाली, "तं मले दुख होईन. पन पस्तावा नाई होनार."

वच्छलाबाईला दोघांत काहीतरी धुमसतंय ते कळलं. तिनं भाकरी थापता थापता विचारलं, आणि रूपानं लपवलं नाही. जेमतेम शाळा शिकलेली ती बाई, पण तिनं हात थांबवून ऐकलं. सुई म्हणजे केवढी, बीज दिसतं का डोळ्यानं, असले दोन-तीन प्रश्न तिनं विचारले. मग म्हणाली, "सुईनं बीजाले लागत असन का?"

"शंभरातल्या थोड्यायले लागते, आई."

"अन् पोराचं तं चांगलं हाय म्हनतेत?"

"दोनदा तपासलं. दोनदा चांगलं."

"मंग गरज नसतानी कायले टोचाचं?" वच्छलाबाईनं भाकरी तव्यावर टाकली आणि संघपालकडे वळून म्हणाली, "तिच्या पोटातलं हाय. तिचं डोकंबी तुह्यापक्षा बरं हाय. आयक तिचं."

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर निघताना संघपालनं दारातूनच सांगितलं, तू म्हणशील तसं. पण त्यानं एक अट घातली, आणि ती अट रूपालाही पटली. बीजं काढायच्या दिवशीचा नमुना जर आधीसारखा निघाला नाही, तर हट्ट करायचा नाही, सरळ सुई. रूपा म्हणाली, मी तरी दुसरं काय म्हणतेय? जे असेल ते पाहून ठरवू.

बीजं काढायच्या दिवशी ती दोघं पहाटेच्या गाडीनं अकोल्याला पोचली. भूल द्यायच्या आधी रूपानं संमतीचे सगळे कागद वाचले. नर्स दोनदा दारात येऊन गेली. पद्धतीच्या रकान्यात रूपानं स्वतःच्या अक्षरात लिहिलं: आजचा नमुना चांगला असल्यास डिशमध्ये, नसल्यास सुईनं. खाली दोघांच्या सह्या. मग ती टेबलावर जाऊन झोपली.

जागी झाली तेव्हा डॉक्टरबाई शेजारी होत्या. तीन बीजं मिळाली होती. चौथ्या पिशवीत काही नव्हतं.

आणि तिकडं संघपालचं घोडं अडलं होतं. नमुना द्यायच्या खोलीत तो पाऊण तास बसून होता. बाहेर आला तर कपाळावर घाम, हातात डबी रिकामी. रूपाच्या पलंगाशी येऊन खाली मान घालून उभा राहिला. आपल्यामुळंच सगळं वाया जाणार असं त्याच्या डोक्यानं घेतलं होतं. रूपाला उठून बसवत नव्हतं. तिनं त्याचा हात धरला आणि म्हटलं, बीजं चार तास थांबतात, तुम्ही चहा पिऊन या, कोपऱ्यावरच्या टपरीवर पोहे खाऊन या, घड्याळाकडं पाहू नका. ती शांतपणे बोलली म्हणून तो शांत झाला. तासाभरानं काम झालं.

मग वैभवी आली. वैभवी म्हणजे तिथल्या प्रयोगशाळेत बीजं सांभाळणारी मुलगी, तिशीची, डोक्यावर निळी टोपी. तिनं सांगितलं की नमुना मागच्या दोन्ही वेळांपेक्षा थोडा कमी आला आहे. संघपालचा चेहरा उतरला. वैभवीलाही सुईच बरी वाटत होती. तीनच बीजं आहेत ताई, म्हणाली, एवढ्याशा ठेव्यावर मला धोका नको वाटतो, पुन्हा एकदा विचार करा.

भूल उतरून दोन तास झाले होते. रूपाचं डोकं साफ होतं. तिनं विचारलं, कमी म्हणजे किती, नमुना धुऊन साफ केल्यावर पळणारे शुक्राणू किती, आणि तुमच्या लॅबची मर्यादा किती. वैभवीनं आकडे सांगितले. कमी होते खरे, पण मर्यादेच्या कितीतरी वर.

"मले दाखवता काय?" रूपानं विचारलं.

वैभवीनं डॉक्टरबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, दाखव. आत जायची परवानगी नव्हती, पण लॅबच्या काचेबाहेर एक पडदा होता, त्यावर मायक्रोस्कोपमधलं दिसायचं. रूपा भिंतीला धरून चालत गेली आणि खुर्चीवर बसली. पडद्यावर मोजणीच्या पाच चौकटी उमटल्या आणि त्यांच्यामधून शुक्राणू सळसळत जाताना दिसू लागले. असलं दृश्य तिनं दुसऱ्यांच्या घरासाठी हजार वेळा पाहिलं होतं. तिनं ओठ हलवत एक चौकट मोजली, दुसरी मोजली, पाचही मोजल्या. सरळ पळणारे किती, जागीच वळवळणारे किती. तिचा आकडा वैभवीच्या आकड्याशी जुळला.

संघपाल मागं उभा होता. आपलं हे असं काही आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होता. त्यानं हळूच विचारलं, "हे पयतेत ते माहे हायेत?"

"तुमचेच," रूपा म्हणाली. "अन् चांगले पयतेत." मग वैभवीकडे वळली. "डिशमधी ठेवा, ताई. तिन्ही."

वैभवीनं एकदा संघपालकडे पाहिलं. त्यानं मान डोलावली. डॉक्टरबाईंनी कागदावर वेळ टाकली.

संध्याकाळच्या आधीच ती दोघं मंगरूळपीरला परत आली. वच्छलाबाईनं खिचडी केली होती. दुसऱ्या दिवशी संघपालनं सुटी घेतली होती, पण घरात बसवेना म्हणून तो अंगणातली सायकल उलटी करून तिचं चाक काढत बसला. रूपा कणीक मळत होती तेव्हा फोन वाजला. हात कणकेनं भरलेले, म्हणून वच्छलाबाईनं फोन तिच्या कानाशी धरला.

वैभवी म्हणाली, तीनपैकी दोन फळली. तिसऱ्याचंही तिनं सांगितलं. ते मुळात पिकलेलंच नव्हतं. सुई धरली असती तरी ते टोचता आलं नसतं. मग जरा थांबून म्हणाली, "तुमचं बरोबर होतं, ताई."

रूपानं तिला म्हटलं की बरोबर-चूक अजून ठरायचं आहे. पण फोन ठेवल्यावर ती परातीतली कणीक तशीच टाकून ओट्याला टेकून उभी राहिली, आणि वच्छलाबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला तेव्हा दोघींच्याही डोळ्यांत पाणी होतं. अंगणातून संघपाल ओरडला, काय झालं? वच्छलाबाई म्हणाली, "दोन झाले. ये घरात."

तिसऱ्या दिवशी एक गर्भ चांगला वाढलेला होता, दुसरा मागं पडला होता. डॉक्टरबाईंनी चांगला तो रूपाच्या गर्भाशयात ठेवला. मागं पडलेला पुढं वाढलाच नाही. म्हणजे सगळी भिस्त एकावर. पुढचे चौदा दिवस रूपा लॅबमध्ये जात राहिली. घरी बसून पोटाकडं पाहत राहण्यापेक्षा लोकांच्या शिरा शोधणं तिला बरं वाटलं. पंधराव्या सकाळी इंद्रभानजींनी स्वतः तिचं रक्त घेतलं. तपासणी झाली तेव्हा यंत्राकडं तिनं पाठ केली होती. इंद्रभानजींनी कागद छापला, चष्मा लावून दोनदा वाचला, सही केली आणि तिच्यापुढं ठेवला. गर्भ राहिल्याचा आकडा पाहून रूपा खाली बसली. बाहेर रांगेतल्या लोकांना वाटलं, हिला चक्कर आली.

बाळंतपण अकोल्यालाच झालं. मुलगी झाली. वच्छलाबाईनं नाव ठरवूनच ठेवलं होतं. पावसाळ्यातल्या वर्षावासात विहारात एका भंतेजींनी धम्मदिन्ना नावाच्या भिक्खुणीची गोष्ट सांगितली होती, मोठमोठ्या प्रश्नांना नेमकी उत्तरं देणारी बाई. तेच नाव मुलीला ठेवलं. घरात तिला दिन्ना म्हणतात. आता ती दीड वर्षाची आहे आणि तिला बापाचं तिकिटाचं मशीन फार आवडतं.

ही बातमी पसरायची तशी पसरली, आणि पसरताना थोडी बदललीही. रूपानं सुई नाकारली म्हणून पोर झालं, असं लोक बोलू लागले. हे ऐकलं की रूपा वैतागते. ती प्रत्येकाला सांगते, सुईनं केलं असतं तरी कदाचित हीच पोरगी झाली असती. मी गरज नव्हती ते केलं नाही, एवढंच.

मागच्या महिन्यात कामरगावहून सोजरबाई, गावनात्यानं रूपाची आत्या, आपली सून वैजयंतीला घेऊन तिच्याकडं आली. चाळीस एकरांचं घर, लग्नाला आठ वर्षं झालेली. वैजयंतीचीही बीजं थोडीच निघणार होती. सोजरबाई येताच म्हणाली की आम्हाला रूपासारखंच करायचं आहे, बिना सुईचं, आणि तसं डॉक्टरांना सांगायला रूपानं सोबत यावं. रूपानं आधी फाइल मागितली. वैजयंतीच्या नवऱ्याचा, विकासचा रिपोर्ट काढला. शुक्राणू फार कमी, त्यातले पळणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तिनं विचारलं, हा पुन्हा तपासला का? तपासला होता, तीन महिन्यांनी. तोही तसाच.

"आत्याबाई, तुमाले सुईच लागन," रूपा म्हणाली. "अन् ती चांगली हाय."

सोजरबाईला राग आला. "तुले चालते तं आमाले काहून नाई? सोताच्या वेळी नाई म्हनलं, अन् आमाले सुई सांगते?"

"माह्या वेळी नवऱ्याचा रिपोर्ट असा नव्हता. हा असा असता तं म्या सोता सुई मागतली असती."

सोजरबाई बडबडत बाहेर जाऊन बाकावर बसली. वैजयंती मात्र हलली नाही. इतका वेळ ती सासूच्या मागं बसून होती, आता पुढं सरकली. तिनं विचारलं, सुई म्हणजे नक्की काय करतात, दुखतं का, मूल धड होतं का. रूपानं लॅबच्या एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर बीजाचा गोल काढला, आत जाणारी बारीक रेघ काढली आणि सावकाश समजावलं. मग त्याच पाकिटावर वैजयंतीनं स्वतःच्या हातानं दोन प्रश्न लिहून घेतले, डॉक्टरांना विचारायचे म्हणून. तिसरा लिहिताना थांबली आणि म्हणाली की नवऱ्यालाही सोबत यायला सांगते, तो रिपोर्ट त्याचाच तर आहे.

गेल्या बुधवारी तिचा अकोल्याहून फोन आला. विकास सोबत होता. डॉक्टरांनी सुईच म्हटलं होतं. तिनं का ते विचारलं, उत्तर पूर्ण ऐकलं, आणि मग सही केली.